संशोधनातील रुग्णसहभाग

आरोग्य व जीवनमानविषयक संशोधनात काय मोजावे हे ठरवताना रुग्णांना बरोबरीचे स्थान देण्याची पद्धत. संधिवात-संशोधकांच्या ‘ओमेरॅक्ट’ परिषदेत २००२ पासून रुग्ण बसू लागले आणि सांध्यांची सूज मोजणाऱ्या तज्ज्ञांकडून दुर्लक्षित राहिलेला थकवा त्यांनी पुढे आणला. रुग्णाचे मत व्यक्तिनिष्ठ असते, हा आक्षेप इथे लंगडा पडतो. जीवनमान ही अनुभवाचीच बाब आहे. चार बोलक्या रुग्णांत सर्वांचा आवाज येत नाही, हा आक्षेप मात्र खरा, म्हणून निवड व्यापक हवी. गरजा स्वतः अनुभवलेली माणसे आपल्याकडेही आहेत: कोल्हापुरात स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. संस्थेचे काम पुनर्वसनाचे, संशोधनाचे नाही. पण अपंगांच्या गरजा जाणणारे नेतृत्व तिथे अपंगांतूनच आले. अशा अनुभवी व्यक्तींना संशोधनाची प्रश्नावली तयार होण्याआधीच बोलावले पाहिजे.