एस्केपिंग

वेबपानावरच्या मजकुरातली जी चिन्हे ब्राउझर आज्ञा म्हणून वाचतो, त्यांच्या जागी ठरावीक संकेत घालण्याची रीत. एचटीएमएलमध्ये अशी चिन्हे पाच: <, >, &, दुहेरी आणि एकेरी अवतरणचिन्ह. < ऐवजी &, मग एलटी ही रोमन अक्षरे आणि अर्धविराम लिहिला की ब्राउझर तिथे टॅग शोधत नाही; वाचकाला साधे < दिसते. & सर्वांत आधी बदलावा लागतो, नाहीतर नव्या संकेतांतलाच & पुन्हा बदलला जातो.

देवनागरी अक्षरांना याची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या, पूर्णेवरच्या धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या सिद्धेश्वरचे नाव घ्या. युनिकोडच्या हिशेबाने त्यात दहा घटक आहेत: स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ मध्ये ते ३० बाइटांत मावतात. प्रत्येकाचा अंकी संकेत लिहिला (स साठी &, #, २३६० आणि अर्धविराम) तर ७० बाइट लागतात. वेबपत्त्यात हेच नाव टक्क्याच्या चिन्हांनी लिहिले की ९० अक्षरे होतात. अंकी संकेतांचा मजकूर पुन्हा एस्केप झाला, तर गावाच्या नावाऐवजी वाचकापुढे आकड्यांची रांग येते. मराठी पानांवरचा हा फार चीड आणणारा दोष, आणि तो सहज टाळता येतो: मजकूर जसाच्या तसा साठवावा, एस्केपिंग दाखवतानाच आणि एकदाच करावे.

टॅगचे नाव रोमन अक्षरानेच सुरू होते. त्यामुळे <सिद्धेश्वर असे उघडे लिहिले तरी आजचे ब्राउझर ते बिनतक्रार दाखवतात. फक्त मराठी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला त्रुटी दिसतच नाही. < नंतर रोमन अक्षरे आली की ती उघडी पडते, आणि परका प्रोग्राम वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो. नको ते शब्द गाळण्यावर भिस्त ठेवणेही पुरत नाही. मायस्पेस या समाजमाध्यमाने अशी चाळणी लावली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘सॅमी’ वर्म ती चुकवून एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरला.

सुरक्षेच्या नावाखाली अदृश्य चिन्हे सरसकट काढणेही मराठीला महाग पडते. र नंतरचा हलन्त आणि य यांच्यामध्ये शून्य रुंदीचा जोडक (८२०५) घालून ‘आचाऱ्याला’ लिहिले असेल, तर जोडक जाताच त्याचे ‘आचार्याला’ होते. नुक्त्याचा ऱ (२३५३) वापरल्यास जोडकाची गरज उरत नाही.