चार मीटर, बाराशे सीसी: जालना रस्त्यावरच्या वेगवान छोट्या गाडीचा इतिहास

२०१० मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन पोलोची एक आवृत्ती बाहेर पडली. इंजिन १५९८ सीसी, शक्ती १०५ अश्वशक्ती. ती बाजारात फार काळ टिकली नाही. एप्रिल २०१३ मध्ये त्याच कारखान्यातून त्याच गाडीची ‘जीटी टीएसआय’ ही आवृत्ती आली. शक्ती तीच, १०५. इंजिन मात्र ११९७ सीसी.

मधल्या तीन वर्षांत चारशे सीसी गेले कुठे? याचे उत्तर यंत्रशाळेत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे दिल्लीच्या अर्थसंकल्पात आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यातील नोकरदाराला किंवा व्यापाऱ्याला वेगवान, परवडणारी आणि रोज वापरता येणारी गाडी कोणत्या रूपात मिळेल, हे त्याच कागदावर ठरले.

मूळ कल्पना युरोपातील. सुएझच्या पेचामुळे इंधनाची टंचाई झाली आणि त्यातून १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मिनी’ जन्मली. दोनच वर्षांत जॉन कूपर यांनी तिला अधिक ताकदीचे इंजिन दिले आणि १९६४ मध्ये त्या चिमुकल्या गाडीने माँटे कार्लोची रॅली जिंकली. पण या प्रकाराला स्थिर रूप दिले ते जर्मन ‘गोल्फ जीटीआय’ने. फोक्सवॅगनच्या मूठभर अभियंत्यांनी आपल्या हौसेने केलेला हा प्रकल्प १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मांडला गेला. १५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंच्या आसपास. कंपनीने पाच हजार गाड्यांचा अंदाज बांधला होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. आठवडाभर कचेरी, बाजार आणि मुलांची शाळा, रविवारी मोकळा महामार्ग. एकच गाडी घेऊ शकणाऱ्या मध्यमवर्गाला दोन गाड्यांचे सुख मिळाले, हे त्या यशाचे साधे कारण.

त्या वेळी महाराष्ट्रात कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी तयार होत होती आणि तिच्यासाठी ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत होते. गाडी मिळणे हीच चैन असताना तिच्या वेगाची चर्चा कोण करणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि छोटी गाडी घरोघरी पोहोचण्याची वाट खुली झाली. तरीही ‘छोटी’ आणि ‘वेगवान’ ही विशेषणे एकत्र यायला आणखी जवळजवळ दोन दशके गेली.

ती एकत्र आली तीही कुर्ल्यातच. २००१ मध्ये फियाटने पालिओ आणली. तिच्या १.६ लिटर आवृत्तीची शक्ती १०० अश्वशक्ती होती आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर. गाडी चालवायला सुरेख, पण तिची तहान मोठी; ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नापुढे तिच्या मालकाची मान खाली जाई. (फियाटच्याच वतीने मायकेल शूमाकर याने २००२ मध्ये सचिनला फेरारी दिली आणि तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून पुढे देशभर वादंग माजला. भारतात वेगवान गाडीचा इतिहास कराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, तो असा.)

मराठवाड्यात या इतिहासाचा एक वेगळाच धागा आहे. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, जालन्याकडे निघाले की चिकलठाण्यानंतर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. चेक कंपनी स्कोडाने २००१ मध्ये येथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. २००४ मध्ये हिचीच ‘आरएस’ आवृत्ती भारतीय बाजारात आली: १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. दिसायला डिकीची गाडी, पण मागचे दार काचेसकट वर उघडणारे, म्हणजे रचनेने हॅचबॅकच. किमतीने मात्र ती सामान्य घराच्या आवाक्याबाहेर राहिली. पुढे फॅबिया ही छोटी हॅचबॅकही आधी शेंद्र्यात जोडली जाई. २००९ मध्ये चाकणचा नवा कारखाना सुरू झाल्यावर ती तिकडे गेली. जालन्याच्या रस्त्यावर युरोपीय गाड्यांची जुळणी होत होती आणि त्याच रस्त्याने कचेरीला जाणारा माणूस मारुती किंवा सँट्रो चालवत होता. हे अंतर कशाने कमी झाले?

२८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडला. छोट्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. ‘छोटी’ कोण, याची व्याख्याही सोबत आली: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. भारत हे छोट्या गाड्यांच्या निर्मितीचे केंद्र व्हावे, हा त्यामागचा हेतू. वेगवान गाडीचा विचार त्यात कुठेही नव्हता. तिच्यावर झालेला परिणाम मात्र सर्वांत विलक्षण ठरला.

जपानमध्ये असे आधीच घडले होते. तेथील ‘केई’ वर्गाच्या गाडीला ६६० सीसी आणि ३.४ मीटर अशी मर्यादा. त्या मर्यादेत राहण्यासाठी जपानी अभियंत्यांनी टर्बोचा आश्रय घेतला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरणारे एक चाक. ते दुसरे चाक फिरवते आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जळते आणि शक्ती वाढते. कराचा नियम सिलिंडरची पोकळी मोजतो, तिच्यात किती हवा कोंबली ते मोजत नाही.

भारतात सुरुवातीला कंपन्यांनी इंजिने नुसती लहान केली. मे २००५ मध्ये आलेली मारुती स्विफ्ट १२९८ सीसीची होती. २०१० मध्ये ती ११९७ सीसीची झाली, शक्ती ८७ वरून ८५ वर आली. टर्बोची वाट रुळली ती २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयने. दिल्लीतील शोरूम किंमत ७.९९ लाख, सात गिअरची स्वयंचलित दुहेरी क्लचची पेटी आणि शून्यापासून शंभरपर्यंतचा वेग ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. लांबी चार मीटरच्या आत. कायद्याच्या दृष्टीने ती आणि भाजी आणायला जाणारी अल्टो एकाच रकान्यात होत्या.

या रकान्याबाहेर राहून पाहणाऱ्याचे काय झाले, तेही पाहावे. फियाटने ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून ‘अबार्थ पुंटो’ आणली. १३६८ सीसी, १४५ अश्वशक्ती, किंमत ९.९५ लाख. शक्तीच्या हिशेबाने त्या काळात याहून स्वस्त सौदा नव्हता. पण इंजिन मर्यादेबाहेरचे, विक्रीचे जाळे विरळ आणि कंपनीचा भारतातील पाय डळमळीत. मोजक्याच लोकांनी ती घेतली. मारुतीची बलेनो आरएस (२०१७, ९९८ सीसी), टाटांची टियागो जेटीपी (२०१८, ११९९ सीसी) आणि अल्ट्रोझ रेसर (२०२४, ११९९ सीसी) मात्र मोजपट्टीच्या आत बसूनच आल्या.

पोलोच्या या कथेला एक काळी बाजू आहे आणि उत्साही मंडळी ती सहसा सांगत नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्यांच्या अपघात-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या साध्या पोलोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला चार. कंपनीने एअरबॅगविना विक्री थांबवली. म्हणजे तोवर, सांगाडा तोच असूनही, जीव वाचण्याची शक्यता महागड्या आवृत्तीबरोबर विकत घ्यावी लागत होती. ‘परवडणारी’ या शब्दाचा हिशेब करताना हा आकडा विसरू नये.

जालना जिल्ह्यात ही गाडी बाळगणे म्हणजे काय? मोंढ्याचा व्यापार, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी उभी केलेली ‘महिको’ आणि तिच्यामागून वाढलेला बियाणे उद्योग, भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या, बागायती भागातील मोसंबी: ‘जालना, सोने का पालना’ या जुन्या उक्तीला आधुनिक काळात या व्यवसायांनी आधार दिला. तरीही घरात गाडी बहुधा एकच असते. लग्नाला तीच, संभाजीनगरच्या दवाखान्याला तीच, भोकरदनला शेतावरही तीच. त्यामुळे ‘रोजच्या वापराची’ ही अट येथे सर्वांत कडक.

आणि जमीन काळी. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती वरचा डांबरी रस्ताही वाकवते. नवा दिसणारा रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. कडक सस्पेन्शन आणि पातळ टायरची गाडी अशा रस्त्यावर मालकाच्या पाठीची परीक्षा घेते. गावोगावचे बेहिशेबी गतिरोधक तिच्या पोटाची. दुहेरी क्लचची पेटी बिघडली तर ती उघडण्याची खास अवजारे गल्लीतल्या गॅरेजमध्ये नसतात. एमएच-२१ क्रमांकाची गाडी मग संभाजीनगरची वाट धरते. स्विफ्ट इतकी का खपली, याचे उत्तर अश्वशक्तीच्या तक्त्यात नाही. तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो.

२०२२ मध्ये फोक्सवॅगनने बारा वर्षांनंतर भारतातील पोलोचे उत्पादन थांबवले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. सपाट भागात मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. ज्या गाडीने अशा रस्त्याची दहा वर्षे वाट पाहिली, ती नेमकी रस्ता येताना गेली. ग्राहक तोवर उंच गाड्यांकडे वळला होता आणि वर वर्णिलेले रस्ते पाहता त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. महामार्गानेही लवकरच आपले दुसरे रूप दाखवले. १ जुलै २०२३ च्या पहाटे जालन्याशेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. सरळ, सपाट, एकसुरी रस्ता हेही एक संकट असते, हे विदर्भ-मराठवाड्याने अशा रीतीने अनुभवले.

मूळ ‘गोल्फ जीटीआय’ अखेर मे २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली. संपूर्ण आयात, किंमत सुमारे ५३ लाख, पहिल्या खेपेत १५० गाड्या. जर्मनीत जिला मध्यमवर्गाने मोठे केले, ती येथे धनिकांच्या गॅरेजमध्ये गेली.

मोजपट्टी मात्र हलली नाही. २०१७ च्या वस्तू व सेवा करात २८ टक्क्यांवर उपकर ठेवताना तीच व्याख्या वापरली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. छोट्या गाडीला १८ टक्के, त्याबाहेरच्या गाडीला ४० टक्के असे दर आले आणि चार मीटर, बाराशे सीसी या मर्यादा होत्या तशाच राहिल्या. २०१० ची १५९८ सीसीची पोलो आज नव्याने विकायला आणली, तर ती ४० टक्क्यांच्या रकान्यात जाईल. २०१३ ची ११९७ सीसीची पोलो, तेवढ्याच अश्वशक्तीसह, १८ टक्क्यांच्या.