सुरतेची गाडी, बडोद्याचा आखाडा

साल 1909. तुम्ही दोंडाईचा स्टेशनात उभे आहात. खानदेशाचे दोन जिल्हे होऊन तीनच वर्षं झालीत. तुमचं गाव आता पश्चिम खानदेशात, कचेरी धुळ्याला. शेजारचा गाठोडंवाला अहिराणीत विचारतो, "कथा चालना रे भाऊ?" तुम्ही बडोद्याचं नाव सांगता. तापी व्हॅली रेल्वेची गाडी नंदुरबार, नवापूर, बारडोली करत सुरतेकडे निघते. डब्यातली अहिराणी विरत जाते, गुजराती वाढते. सुरतेला गाडी बदलून बडोद्यात उतरलात की मराठी पुन्हा कानावर येते. शहर सयाजीराव गायकवाडांचं आहे.

जुम्मादादांचा आखाडा विचारा. कोणीही दाखवील.

वहाणा बाहेर काढा आणि तांबड्या मातीला हात लावून आत या. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, आणि त्यांचा आखाडा पुढे चालवणारे मराठी शिष्य. या शिष्याचं मूळ नाव गजानन यशवंत तांबे, पण इथे सगळे त्यांना प्रोफेसर माणिकरावच म्हणतात. वय तिशीचं. उस्तादाने आपली सारी विद्या या शिष्याच्या ओंजळीत घातली आणि शिष्याने आखाड्यावर नाव गुरूचंच राखलं. या देशात आणखी कुठे काय चाललंय ते घटकाभर विसरा आणि एवढं नीट पाहून घ्या.

आज तुम्हाला बिनोट शिकायचं आहे. समोरच्याच्या हातात लाकडी जंबिया, तुमचे हात रिकामे. तो वार करतो आणि तुम्ही मागे सरता. तीच चूक. मागे सरलेल्याला दुसरा वार लागतोच. पुन्हा उभे राहा. आता आत शिरा, मनगट धरा, पिरगळा, कोपर वर चढवा. जंबिया मातीत पडतो आणि तुमचा अंगठा दिवसभर ठणकत राहतो. 1878 च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश हद्दीत परवान्यावाचून हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं. अशा काळात रिकाम्या हाताने हत्यारवाल्याला आवरण्याची कला तुमच्या हाती येते आहे, हे लक्षात असू द्या. सांधा निखळलाच तर तोही इथेच बसेल. हाडवैद्य म्हणूनही माणिकरावांचं नाव आहे.

पण मला तुम्हाला खरं दाखवायचंय ते पुढचं. जुना वस्ताद एकेकाला कोपऱ्यात घेऊन शिकवी आणि शेवटचा डाव स्वतःपाशी ठेवी. कित्येक डाव अशा वस्तादांबरोबर सरणावर गेले. माणिकरावांनी मुलांना रांगेत उभं केलं. लाठीचे हात मोजून बांधले, एका आज्ञेवर साऱ्या रांगेने फिरवायचे ठरवले. आणि त्या आज्ञा साहेबाच्या परेडीतल्या इंग्रजी नव्हेत, हिंदी. आता शेकडो पोरं एकदम शिकतात. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. सयाजीरावांकडून पुढे 'राजरत्न' हा किताब मिळाला, तोही योग्यच. पण तो नसता तरी हे काम तेवढंच मोठं राहिलं असतं.

तुमच्या रांगेतल्या त्या पंचविशीतल्या तरुणाकडे पाहा. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म डभोईचा, संस्कृतात हुशार. 1907 पासून तो इथे येतो, 1910 पर्यंत येत राहील. त्याचा चेहरा लक्षात ठेवा, कारण पुढच्या भेटीला तुम्हाला फार लांब जायचं नाही.

1916. त्याच तापी व्हॅलीच्या गाडीने, पण या वेळी सुरतेकडे पाठ करून, अमळनेरला उतरा. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयात गुणे प्राचार्य आहेत. हे महाविद्यालय 1920 मध्ये इंग्रज सरकारने बंद पाडलं. तिथलं राष्ट्रीय वारं सरकारला सोसवेना. गुणे योगाकडे वळले, स्वामी कुवलयानंद झाले आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. पुढे शाळांसाठी त्यांनी 'यौगिक संघव्यायाम' रचला: आसनं, पण रांगेत, आज्ञेवर, सगळ्यांनी मिळून. बडोद्याच्या मातीत तुम्ही जिच्यात उभे होतात, तीच ही रांग.