भारतीय लांडगा : जनुके आणि रोग

माळरानावरचा हा लांडगा जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशशाखांपैकी असल्याचे २०२१ मध्ये जनुकसंचांच्या अभ्यासातून दिसले. पुण्याच्या आसपास पिवळट-तांबूस, निराळ्याच अंगाचे प्राणी दिसू लागल्यावर ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळूरची एट्री ही संस्था आणि तेथीलच नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधील उमा रामकृष्णन यांची प्रयोगशाळा यांनी जनुकसंच तपासून लांडगा-कुत्रा संकर सिद्ध केला (२०२३). शिकारीइतकाच हा धोका गंभीर मानायला हवा. संकर होत राहिला, तर लांडग्याचा मूळ वाणच विरत जातो. कुत्र्यांकडून रोगही येतात : सोलापूरजवळच्या नान्नज भागात गावकुत्रे व खोकडांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्हो विषाणूंची प्रतिपिंडे सापडली. लांडगे त्याच माळावर वावरतात.