प्रज्वलन वितरक

बहुसिलिंडरी पेट्रोल एंजिनातील प्रत्येक स्पार्क प्लगला ठराविक क्रमाने व नेमक्या क्षणी उच्च दाबाची वीज पुरविणारे साधन. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते व एंजिन तापते. फार लवकर पडल्यास ज्वलनाचा दाब वर येणाऱ्या दट्ट्यास विरोध करतो. हा क्षण साधण्याची जबाबदारी चालकाकडून यंत्राकडे कशी गेली, हाच वितरकाच्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

एत्येन लन्वार (१८२२–१९००) यांनी १८६० मध्ये आपल्या वायुएंजिनात विद्युत् ठिणगी वापरली. पुढे उघडी ज्योत व तापलेली नळी यांचाही उपयोग होई. परंतु तापलेल्या नळीने प्रज्वलनाचा क्षण काटेकोरपणे साधत नसे. गोटलोप होनोल्ट (१८७६–१९२३) यांनी बॉशच्या कारखान्यात १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. फोर्डच्या ‘टी’ गाडीत (१९०८–२७) प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र वेटोळे असून ठिणगीची वेळ चालक सुकाणूचक्राखालील दांडीने बदली. हँडलने एंजिन सुरू करताना दांडी चुकीच्या जागी राहिल्यास हँडल उलट फिरे व प्रसंगी हात मोडे.

चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांची विद्युत् घटमालेवर चालणारी प्रज्वलन योजना कॅडिलॅक गाड्यांत १९१० च्या सुमारास आली. खंडक, एकच वेटोळे व वितरक ही रचना पुढे सर्वत्र रूढ झाली. एंजिनाच्या गतीनुसार व भारानुसार ठिणगी आपोआप मागेपुढे करणारी अपकेंद्री वजने व निर्वात पडदा यांची जोड मिळाल्यावर चालकाची दांडी अनावश्यक ठरली.

तथापि वितरक बसविताना मूळ जुळणी कारागिरालाच करावी लागे. त्यासाठी प्रथम क्रँक दंडाच्या कप्पीवरील खूण एंजिनावरील खुणेशी जुळवितात. चारधावी एंजिनात दट्ट्या संपीडन व निष्कास या दोन्ही धावांच्या अखेरीस वर येत असल्याने केवळ खुणेवर विसंबता येत नाही. पहिल्या सिलिंडराचा प्लग काढून छिद्रावर बोट ठेवले असता हवेचा दाब जाणवला, तरच ती संपीडन धाव समजावी. वितरकाचा दंड क्रँक दंडाच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने येथे चूक झाल्यास रोटर १८०° उलट बसतो व एंजिन चालत नाही. तिरप्या दात्यांमुळे वितरक आत जाताना रोटर थोडा फिरतो. म्हणून तेवढे अंतर आधीच मागे धरतात. पूर्ण बसल्यावर रोटर पहिल्या सिलिंडराच्या अग्राकडे असावा. इतर तारा रोटरच्या फिरण्याच्या दिशेने प्रज्वलनक्रमानुसार लावतात. चार सिलिंडरांत हा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. शेवटी स्पर्शकांतील फट तपासून व ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात खूण पाहून वितरकाचे कवच किंचित फिरवितात. वितरकाचा १° म्हणजे क्रँक दंडाचे २° असल्याने लहान चूकही दुप्पट होते.

कुर्ला (मुंबई) येथे तयार झालेल्या व मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीतही वितरक होता. परदेशी गाड्यांत १९७० नंतरच्या दशकात स्पर्शकांऐवजी इलेक्ट्रॉनीय योजना आल्या. पुढे प्रत्येक प्लगसाठी स्वतंत्र वेटोळे व क्रँक दंडाची स्थिती टिपणारे संवेदक आल्यावर वितरकच वगळला गेला. ‘टी’ गाडीतील स्वतंत्र वेटोळी अशा रीतीने परत आली. मात्र क्षण ठरविण्याचे काम आता संगणक करतो.