नाइटमेअर (शब्द)

नाइटमेअर हा भयावह स्वप्नासाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द आहे. मराठीत त्यासाठी ‘दुःस्वप्न’ हा प्रतिशब्द रूढ आहे; मात्र तो शब्दाच्या आजच्या अर्थापुरताच बरोबर ठरतो. पूर्वी या शब्दाने स्वप्नाचा नव्हे, तर झोपलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणाऱ्या पिशाच्चाचा बोध होत असे.

व्युत्पत्ती

शब्दाच्या उत्तरार्धातील ‘मेअर’ म्हणजे घोडी, असा समज इंग्रजी भाषकांतही आढळतो. तो चुकीचा आहे. निद्रितांना छळणाऱ्या पिशाच्चाचे नाव असलेला हा निराळाच जर्मानिक शब्द असून, घोडीवाचक शब्दाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे. नॉर्वेजियन भाषेतील ‘मारेरिट’ (शब्दशः ‘पिशाच्चाची स्वारी’) आणि फ्रेंच ‘कोशमार’ यांतही तोच शब्द दडलेला आहे. चित्रकार हेन्री फ्यूसेली यांच्या ‘द नाइटमेअर’ (इ.स. १७८१) या प्रसिद्ध चित्रात निद्रित स्त्रीच्या छातीवर एक विद्रूप आकृती बसलेली असून पडद्याआडून घोड्याचे डोके डोकावते. समजुतीतील घोडा चित्रातही शिरला, असे म्हणता येईल.

अर्थांतर

वैद्य जॉन बाँड यांनी इ.स. १७५३ मध्ये या विकारावर प्रबंध लिहिला. ते स्वतः त्याने ग्रस्त होते. छातीवर दडपण, हालचाल व बोलणे अशक्य होणे, मृत्यूचे भय ही त्याची लक्षणे होत. आज या अवस्थेस ‘स्लीप पॅरॅलिसिस’ (निद्रा-पक्षाघात) म्हणतात. स्वप्नावस्थेत स्नायू स्वाभाविकपणेच शिथिल असतात; ती शिथिलता जाग आल्यावरही काही क्षण टिकून राहिल्यास हा अनुभव येतो. ‘नाइटमेअर’चा अर्थ कालांतराने कोणत्याही भीतिदायक स्वप्नापर्यंत विस्तारला आणि ज्या अनुभवासाठी तो शब्द होता, त्याला नवे नाव शोधावे लागले. त्यामुळे जुन्या इंग्रजी ग्रंथांचा अनुवाद करताना सरसकट ‘दुःस्वप्न’ लिहिल्यास अर्थाची हानी होते.

संबंधित शब्द

झोप लागतानाच्या आभासांसाठीचा ‘हिप्नॅगॉजिक’ हा शब्द फ्रेंच विद्वान आल्फ्रेद मोरी यांचा (इ.स. १८४८), तर जाग येतानाच्या अवस्थेचा ‘हिप्नोपॉम्पिक’ हा फ्रेडरिक मायर्स यांचा. दोन्ही ग्रीक धातूंवरून घडवलेले असून बोलभाषेत क्वचितच येतात. मराठीतील ‘साखरझोप’ यांपैकी कशाचाही प्रतिशब्द नव्हे. ती पहाटेची गोड, गाढ झोप होय.