नारळ आणि पट्टा

मानवत हे कापसाच्या बाजाराचे गाव. परभणी जिल्ह्यातल्या अशा तालुक्याच्या गावांत आता शाळा सुटल्यावर पांढऱ्या गणवेशातली पोरे मैदानात रांगेने उभी राहतात, एका सुरात जपानी आकडे मोजतात आणि हवेत ठोसे मारतात. कमरेला पिवळा, नारिंगी, हिरवा पट्टा. भिंतीवरच्या फलकावर शिकवणाऱ्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत संघटनेचे नाव असते, आणि त्यात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द सहसा चुकत नाही. आई-बापांनी फी भरलेली असते. तीन-चार महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा येते, तिची फी वेगळी. फोटो निघतो, प्रमाणपत्राची चौकट घरी लागते.

याच भागात शरीर कमावण्याची विद्या एके काळी सरकारच्या नजरेत संशयास्पद होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तिथे सभा-संमेलनांवर बंधने होती, खासगी शाळांवर होती आणि आखाड्यांवरही होती. १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने संस्थानात सत्याग्रह केला, तेव्हा त्याच्या तक्रारींत आखाड्यांवरचे निर्बंधही होते. दंड-बैठका मारणारी तरुण पोरे एकत्र जमतात एवढे कारण सरकारला पुरे होते. त्यामुळे इथल्या तालमीला कोल्हापूरसारखा राजाश्रय मिळाला नाही. तिकडे शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, पैलवानांचा खुराक दरबारातून चालवला. इकडे तालीम जगली ती गावच्या वर्गणीवर आणि यात्रेवर.

यात्रेतल्या कुस्त्यांची रीत महाराष्ट्रभर साधारण एकच. हलगी कडाडली की आधी लहान पोरे उतरतात. त्यांची कुस्ती नारळावर किंवा रेवड्यांवर. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शेकड्यांच्या, असे करत शेवटच्या कुस्तीला सगळ्यात मोठा इनाम. पैसे पंचमंडळींचे, जमवलेले गावातून. या व्यवस्थेत पैशाची दिशा नीट पाहावी. लढणाऱ्याची परीक्षा गाव घेते आणि पैसेही गावच देते. परीक्षा घेणाऱ्याला परीक्षार्थीकडून दमडी मिळत नाही, आणि ज्या वस्तादाने पोराला शिकवले तो आखाड्याच्या कडेला उभा असतो, निकाल त्याच्या हातात नसतो. पोरगा सलग तीन यात्रांत चीत झाला तर वस्तादाची अब्रू गावासमोर जाते. शिकवण्याचा दर्जा तपासायची याहून स्वस्त आणि निर्दय सोय दुसरी नसेल.

तालमीला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. पैशाचा ठराव करून खेळलेली नुरा कुस्ती हा शब्द फडावरच जन्मला. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही. मुलींना तांबड्या मातीत पाय ठेवायला बंदी होती. आणि गरिबाच्या पोराला तालमीची फी परवडली तरी दूध, तूप, बदामाचा खुराक परवडेच असे नाही. तरीही मराठवाड्यातून चांगले पैलवान निघाले, बहुतेक घर सोडून. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढे ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले, तेव्हा त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आला. त्याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. पाटोद्यात कुणी गोकुळ वस्ताद तालमीची शाखा काढली नव्हती. पोरगाच वस्तादाकडे राहायला गेला.

पण शाखा काढणे म्हणजेच विद्या पातळ करणे, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. बडोद्याला जुम्मादादांचा आखाडा होता. त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी गुरूच्या पश्चात तो वाढवला आणि एकेकट्याने करायच्या कसरतीला सामुदायिक कवायतीचे रूप दिले, देशी भाषेतल्या आज्ञांसह. त्यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर उन्हाळी वर्गच चालवले. ठिकठिकाणचे शिक्षक यायचे, लाठी, लेझीम, मल्लखांब शिकून परत जायचे आणि आपापल्या गावी व्यायामशाळा उभी करायचे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. हा सगळा प्रसारच होता: ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेल्या आज्ञा, शिकून गेलेले शिक्षक. मात्र गावातल्या व्यायामशाळेने दर पोरामागे अमरावतीला हिस्सा पाठवावा असा हिशेब त्यात नव्हता. म्हणून पोराला लवकर पास करण्यात कुणाचा फायदाही नव्हता.

हा हिशेब जुना आहे, पण दुसऱ्या देशातला. जपानमध्ये तलवारबाजीच्या घराण्यांत शिष्याला पायरीपायरीने परवाने मिळत आणि प्रत्येक परवान्याला गुरूला नजराणा द्यावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरातल्या चिबा शूसाकू यांनी आठ पायऱ्या मोडून तीनच ठेवल्या. खर्च घटला, शिष्यांची रीघ लागली. पायऱ्या कमी केल्या की गर्दी होते हे शूसाकूंना कळले. पायऱ्या वाढवल्या की गल्ला भरतो हे पुढच्यांना कळले. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोचे कोदोकान सुरू केले आणि दुसऱ्याच वर्षी ‘दान’ ही श्रेणी दिली. काळा पट्टा त्यानंतर आला. मधल्या रंगीबेरंगी पट्ट्यांची पद्धत मात्र रुळली युरोपात. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या कावाइशी यांचा त्यात मोठा वाटा. नवख्या विद्यार्थ्याला आपण पुढे सरकतो आहोत असे दिसावे, हा हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्यावर साखळी-शाळांचा धंदा उभा राहिला: मुख्यालयाचे नाव, मुख्यालयाचा गणवेश, वर्षभराचा करार आणि पट्ट्यांची हमी.

महाराष्ट्रात कराटेची लाट सत्तरच्या दशकात मुंबईहून आली. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’ने आणि ब्रूस लीच्या अकाली मृत्यूने पोरांना वेड लावले होते. मुंबईत परवेझ मिस्त्री यांच्यासारख्या शिक्षकांनी ही विद्या घाम गाळून शिकवली. त्यांच्या आणि इतरांच्या शिष्यांचे शिष्य जिल्ह्यांत पोचेपर्यंत काळ बदलला होता. तालुक्याच्या गावी आता व्यवहार असा चालतो: स्थानिक शिक्षक एखाद्या शैलीच्या संघटनेशी संलग्न होतो, त्याची वार्षिक रक्कम भरतो. पट्टे, प्रमाणपत्रे आणि बिल्ले संघटनेकडूनच घ्यावे लागतात. परीक्षेला शहरातून ‘सर’ येतात आणि जमलेल्या फीचे वाटे होतात. पंधरा पोरे बसली तर पंधरांची फी. नापास झालेला पोरगा पुढच्या परीक्षेला येईलच याची खात्री नसते. अशा वेळी ‘याचा घाव अजून बसत नाही, सहा महिने थांबव’ असे म्हणणारा परीक्षक स्वतःच्या आणि शिक्षकाच्याही पोटावर पाय देतो. दर्जा इथे ढासळतो. शिक्षकाच्या नियतीचा प्रश्न त्यानंतर येतो, कारण प्रामाणिक शिक्षकालाही भाडे द्यायचेच असते.

पालकही भोळे नसतात. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात या दोन ओळींना फार वजन. साध्या पट्ट्याच्या प्रमाणपत्राने यातले काहीच मिळत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतले यश लागते, पण हा फरक फलकावर कुणी लिहीत नाही. कागदाची भूक किती मोठी आहे हे ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लागल्याचे प्रकरण उघड झाले तेव्हा दिसलेच. ज्या खेळाचे साहित्यही बहुतेक गावांनी पाहिलेले नाही, त्यात खेळाडू निघाले होते! सरकारचा स्वतःचा नमुनाही फार वेगळा नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळकरी मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने स्वसंरक्षण शिकवले जाते, मुदत तीन महिने. तेवढ्यात मुलगी ओरडायला, हात सोडवून पळायला शिकली तरी कमाई म्हणायची. पण हजेरीपट आणि फोटो यांच्या पलीकडे तिची परीक्षा कोण घेतो?

मुलींना मैदान खुले करून दिले, ही कराटेच्या वर्गांची बाजू मात्र तालमीपेक्षा उजवी आहे. मातीने ज्यांना शतकभर बाहेर ठेवले त्या इथे पहिल्या दिवसापासून रांगेत उभ्या राहिल्या. आणि जिथे शिक्षक आपली पोरे दुसऱ्या शैलीच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या पोरांशी खुल्या स्पर्धेत नेमाने भिडवतो, तिथे पट्ट्याचा रंग आपोआप खरा होतो. यात्रेचे काम ती स्पर्धा करते.

कुस्तीची बाहेरची कसोटी तरी शाबूत आहे का? महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला झाली आणि किताब सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाला. त्यानंतर गदा एका वर्षी एकाच्याच खांद्यावर जायची, कधी निकाल न लागल्याने कुणाच्याच नाही. मग कुस्तीगीर संघटनांत फूट पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरीची लढत झाली, ती सिकंदर शेखने जिंकली. पाठोपाठ त्याच महिन्यात मराठवाड्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली, तिथे गदा शिवराज राक्षेला मिळाली. दोन्ही मैदानांना गर्दी भरपूर होती.